नुसता चालू ठेवलेला फोन

संगमनेरच्या कॉलेजात आले तेव्हा मला मोबाईलवर एक ताई मिळाली. नव्या मुलांना करमत नाही, काहीजण पहिल्या सत्रातच गाशा गुंडाळतात, म्हणून कॉलेजनं प्रत्येकाला वरच्या वर्गातलं कुणीतरी जोडून दिलं होतं. माझी ताई शेवटच्या वर्षाला, प्रशिक्षणासाठी नाशिकला गेलेली. त्यामुळे गाठभेट नाही, सगळा कारभार मेसेजवर.

रोज संध्याकाळी मोबाईलवर पाच चेहरे यायचे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आज मन कसं आहे, तो चेहरा दाबायचा, की तो ताईला दिसायचा. मी इमानेइतबारे हसरा दाबायचे. काही दिवसांनी ताईचा मेसेज आला, "रोज एवढं हसतेस? मेसचं जेवून? खोटारडी!"

मला असं रडू फुटलं! बाथरूमचा नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. मग तिला खरं ते लिहिलं. दिवस निघतो, संध्याकाळ निघत नाही. मला घरी जायचंय, कायमचं. बॅग भरून ठेवलीय. शनिवारी नगरची एसटी धरणार, तिथून जामखेड.

"आईशी बोलतेस ना?" तिनं विचारलं.

बोलत होते कुठं! आई म्हणायची, "बरी हायेस ना?" मी म्हणायचे, "बरी हाय. तू?" ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" एवढ्यावर दोघींचे आवाज जड व्हायचे आणि फोन ठेवायची घाई सुटायची.

ताईनं व्हॉइस मेसेज पाठवला, "मग बोलूच नका. आई भाकरी करायला बसली की फोन नुसता चालू ठेवायला सांग. तू इकडं जेव. शनिवारपर्यंत एवढं कर, मग जा खुशाल."

आईला हे पटवताना नाकी नऊ आले. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन बसले, फोन कानाला, तर पलीकडे काहीच नाही. मी विचारलं, "आई, काय करतीयेस?"

"काय न्हाई. तू ऐकतीयास ना, म्हनून गप बसलेय. तुज्या बापाला पन बाहीर बसवलंय."

भाकरी खोळंबल्या होत्या, टीव्ही बंद होता. लेक फोनवर आहे म्हटल्यावर अख्ख्या घरानं सावधान उभं राहायचं, अशी तिची समजूत.

दुसऱ्या दिवशी जमलं. फोन डब्यांच्या फळीवर ठेवलेला. काठवटीत भाकरी थापल्याचा आवाज, तिच्या बांगड्या, मधेच शेळीवर ओरडणं. मेसची चपाती मी त्या आवाजाबरोबर खाल्ली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. शनिवारी बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले.

मग ते रोजचंच झालं. एकदा ताईला विचारलं, हे तुला सुचलं कसं? तू कुणाच्या भाकरी ऐकायचीस? तिनं लिहिलं, "आमच्याकडे भाकरी मीच करायचे. मी शाळेत असतानाच आई गेली." पुढे हसरा चेहरा. तो मला काही खरा वाटला नाही.

वर्ष सरलं. ती पुण्याला नोकरीला लागली. मेसेज कमी होत होत बंद झाले. आता मी कुणाची तरी ताई आहे, खोटारड्या चेहऱ्यांना बरोबर ओळखते. पण माझी ताई मला फार हवी होती. जिला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही तिच्यासाठी जीव इतका तुटतो, हे सांगितलं तर लोक हसतील. हसू देत.

गेल्या महिन्यात संध्याकाळी अचानक तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मी विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी आहे," ती म्हणाली. "चल, ठेवते." ती घाई माझ्या चांगल्या ओळखीची होती.

"थांब," म्हटलं, आणि आईचा फोन मधे जोडून घेतला. "आई, आज माझी ताई पन ऐकतीये. पुण्यातनं."

पलीकडची भाकरीची थाप थांबली. मला वाटलं, झालं, आता परत घर गप्प होणार.

"जेवली का ती?" आईनं विचारलं.

मीच म्हणाले, "न्हाई जेवली."

"मग घे म्हनावं ताट. दोन भाकरी जादा टाकते."

थापण्याचा आवाज सुरू झाला. मग पुण्याकडून ताट मांडल्याचा आवाज आला.