साडूची लॉन्ड्री

साडू हे नातं देवाने मत्सरासाठीच घडवलं असावं. दोन बहिणी फोनवर बोलतात आणि इकडे आम्ही दोघे आपोआप तराजूत बसतो. माझ्या पारड्यात मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीतली मुकादमी, त्याच्या पारड्यात स्वतःची लॉन्ड्री. आणि परदेशातल्या या एवढ्याशा बेटावर त्याला नोकरीला आणलं कोणी? मीच. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

हॉटेलच्या लॉन्ड्रीत आम्ही त्याला ‘सावकाश’ म्हणायचो. चादरीची घडी घालायचा ती कोपऱ्याला कोपरा जुळवत, देवघरातलं वस्त्र असल्यासारखी. मी ओरडलो की म्हणायचा, “होतंय की, दादा.” सुट्टीच्या दिवशी आम्ही झोपा काढायचो आणि हा गल्लीतल्या बायकांच्या पायरीवर बसून त्यांची भाषा शिकायचा. चुकीचे शब्द बोलायचा. त्या हसायच्या, हा त्यांच्याहून जास्त हसायचा. मला वाटलं, खुळा आहे.

इथे परक्या माणसाला धंदा काढायचा तर इथला भागीदार लागतो. तसा भागीदार मी कित्येक वर्षं शोधत होतो, म्हणजे पलंगावर पडल्या पडल्या. याला त्याच्या घरमालकिणीनेच भागीदारीचं विचारलं. मागची खोली, दोन जुनी मशीन, गच्चीवर दोऱ्या, झाली लॉन्ड्री.

मला आनंद झाला असं म्हटलं तर जीभ झडेल. नुसता जळफळाट झाला. त्यात बायकोचा फोन.

“अहो, धाकटी सांगत होती, त्यांनी पाटी लावली. तुम्ही कधी लावताय?”

“पाटीला काय, एक खिळा लागतो,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मग बंदरावरच्या लॉजवाल्यांनी त्याला कायमचं काम द्यायचं कबूल केलं. अट एकच, शनिवारी पाहुणे उतरायच्या आत पहिली खेप धुऊन मिळाली पाहिजे. गुरुवारी मोठ्या मशीनचा पट्टा तुटला आणि धाकटं मशीन तर आधीपासूनच आजारी. बेटावर स्क्रूसुद्धा जहाजाने येतो आणि समुद्र खवळल्यामुळे जहाज पलीकडच्या बंदरात अडकलेलं. काम हातचं जाणार हे उघड होतं. खरं सांगतो, त्या दुपारी मला जेवण गोड लागलं.

तसा पट्टा बेटावर फक्त माझ्याकडे होता. जहाजाचा भरवसा नसल्याने इथे आम्ही मंडळी सुटे भाग आधी जमवतो, यंत्र नंतर घेतो. माझ्या पलंगाखालच्या पेटीत पट्टा, झडपा, पुली, सगळं होतं. राहिलं होतं ते फक्त मशीन.

शुक्रवारी मी त्याची वाट पाहिली. येईल, मागेल, थोडं नाक घासेल, मग देऊ. तो आलाच नाही. संध्याकाळी मला राहवेना. पट्टा पिशवीत घातला आणि निघालो. द्यायला की नुसता दाखवायला, ते ठरलं नव्हतं.

गल्लीत शिरलो तर प्रत्येक कठड्यावर लॉजच्या चादरी. बायका टबात पाय घालून चादरी तुडवत होत्या, घरमालकीण सगळ्यांवर ओरडत होती. या गल्लीने मला इतक्या वर्षांत साधा चहासुद्धा विचारला नव्हता. मी खांद्यावरची पिशवी पाठीमागे सरकवली.

“दादा, बरं झालं आलात. हे टोक धरा,” साडू म्हणाला. आम्ही समोरासमोर उभे राहून चादर पिळायला लागलो. त्याचं लक्ष माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेलं.

“पट्टा का?”

“तुला माहीत होतं?”

“आल्या आल्या तुमच्याच खोलीत राहिलो ना. पेटी तुम्हीच उघडून दाखवली होती.”

“मग मागितला का नाहीस?”

त्याने सावकाश एक पीळ दिला. “तो तुमच्या लॉन्ड्रीचा. मी वापरला आणि उद्या तुमचंच काम अडलं म्हणजे? जहाजाचं काही खरं असतं का?”

टोमणा असता तर उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण तो मनापासून बोलत होता. माझी लॉन्ड्री निघणार असं मानणारा जगात हा एकच उरला होता. माझ्या बायकोने आशा सोडली होती, मीही केव्हाच सोडली होती. आणि उरावा तो नेमका हाच!

मी होता नव्हता तेवढा जोर लावून चादर पिळली.

“हळू, दादा,” तो म्हणाला, “लोकांची आहे, फाटेल.”