टिकलीवाले नंबर

रामनगरच्या बसस्टँडसमोर केशरनं टेलिफोनचं बूथ घातलं ते साल त्र्याण्णव. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. डावा पाय लहानपणी तापात गेलेला, म्हणून अपंगांच्या कोट्यातून परवाना मिळाला. सुपा गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तिच्या घरच्यांनी इथं येऊन पुन्हा चूल मांडली होती. मराठी, कोंकणी, कन्नड या तिन्ही भाषा तिच्या तोंडात अशा बसलेल्या, की समोरचा चपला काढेपर्यंत ती त्याची भाषा ओळखून मोकळी व्हायची.

महिन्याभरात तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. फोन करायला येणाऱ्या निम्म्या लोकांकडं नंबरच नसायचा. असायची ती नड. "बाय, बागंतली मोटर जळली, कुनाला सांगू?" "म्हशीचं औषध बेळगावात कुठं गावंल?" "लग्नाला मांडव पाहिजे, कोन हाय?"

केशरनं शंभर पानी वही घेतली. जुन्या बिलांवरून, कॅलेंडरांवरून, ट्रकच्या फाळक्यांवरून नंबर उतरवू लागली. पण नावं वर्णानुक्रमानं लावली नाहीत. लोक ज्या शब्दानं विचारत तोच शब्द पानाच्या डोक्यावर घातला. एका पानावर 'मोटर', एकावर 'म्हैस', एकावर 'मांडव'. दिग्गीकडून डोंगर उतरून आलेला माणूससुद्धा कामापुरता नंबर घेऊन जायचा.

वर्षभरानं खानापूरचा वासू तिला शोधत आला. मोटरींचं वायंडिंग करणारा, बोटं वार्निशनं काळी झालेली. बाकावर बसून म्हणाला, "केशराक्का, रामनगरचं गिऱ्हाईक माझ्याकडं कुठनं यायला लागलं म्हणून चौकशी केली. सगळी तुझं नाव सांगतात."

"मग? कामं बरी हुतात न्हवं?"

"व्हय. म्हणून तर आलो. गेल्या साली चार भिंतींवर नाव रंगवून घेतलं. ते वाचून कोन आलं, कोन न्हाई, द्येवाला ठाऊक. तुझा फोन आला की मातर मला कळतंय, ह्याची मोटर खरंच जळलीया. तर असं करू. तुझ्या वहीतनं जेवढे फोन येतील, तेवढ्याचा एक-एक रुपया मी देईन. फोन न्हाई तर पैसा न्हाई. पर वीसच्या वर एका महिन्यात मला झेपायचं न्हाई. वीस झाले की माझं नाव खाली सरकव."

केशरनं विचार करून होकार दिला, पण एक अट घातली. पैसे देणाऱ्याच्या नावापुढं ती आपल्या पाकिटातली लाल टिकली चिकटवणार, आणि विचारील त्याला सांगणार की हा मला पैसे देतो. वासू हसला. "लाव की. कपाळाला लाव म्हटलीस तरी लावतो."

ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? मांडववाला आला, जीपवाला आला. वहीत टिकल्या वाढल्या. लोकही विचारू लागले, "टिकलीवाला नको, बिनटिकलीचा कोन हाय?" केशर तोही सांगायची.

मग लोंढ्याचा उमाजी आला. त्याचाही धंदा वायंडिंगचाच. पन्नाशीचा, आवाज भारदस्त. म्हणाला, "बाई, वासू एक देतो, मी तीन देतो. माझं नाव पयलं सांगायचं."

केशरनं आठवडाभर सांगून पाहिलं. मोटर म्हटलं की पहिलं नाव उमाजीचं. पण शेतकरी नाव ऐकून मान हलवायचे. "त्यो नको गं. पंधरा दिवस मोटर ठेवून घेतो, तवर रोपं वाळून जातात." आठवड्यात उमाजीला फोन गेले दोन, आणि खालच्या नावाला, वासूला, गेले नऊ. केशरनं मनातल्या मनात हिशेब केला. तीन रुपये मोठे खरे, पण कुणी फोनच करत नसेल तर त्या तीन रुपयांना काय चाटायचंय? शिवाय नको ते नाव पुढं केलं की माणूस तोंड वाकडं करून जातो आणि परत विचारायला येत नाही. तिनं वासूला वर घेतलं, उमाजीला खाली.

पुढच्या महिन्यात वासूचाच फोन आला. आवाज कोरडा होता. "अक्का, आज सहा तारीख. तुझ्याकडनं अठरा फोन आले. मोटर आली एक."

केशरला ते लागलं. तिनं बिलांच्या प्रती काढून बघितल्या. अठरातले पंधरा फोन दहा सेकंदांच्या आतले. एवढ्यात जळलेल्या मोटरचं दुःख कोण सांगून संपवतो? आणि तिला आठवलं, चौकड्याचा शर्ट घातलेला एक तिशीचा माणूस रोज दोन-तीनदा येऊन जातो.

दुसऱ्या दिवशी तो आला, तसं तिनं रिसीव्हर हातातच धरून ठेवला. "भाऊ, मोटर किती हॉर्सपॉवरची?"

"आं? धा."

"धा? बागेला का गिरणीला?"

"म्हंजे... तीनची."

"आनि बाग कुठं म्हटलास?"

"उमाजीभावजींच्या..." असं म्हणून तो थांबला. बाकावर बसलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. माणूस बिचारा कानापर्यंत लाल झाला. वासूचे वीस फोन लवकर संपवले की वरची जागा रिकामी होईल, असा तो सगळा बेत होता.

केशरनं पहिल्यांदा वासूला कळवलं, पंधरा फोन तुझ्या नावावर धरले नाहीत. मग उमाजीला फोन लावला, स्वतःच्या पैशानं. रागानं बोलायचं तिनं ठरवलं होतं, पण वयानं मोठा माणूस म्हणून जीभ आवरली.

"मामा, मेव्हण्याला पाठवून काय हुनार? लोकांना नंबर मी सांगते, पर फोन करायचा का न्हाई ते त्यांच्या मनावर हाय. तुमचं नाव ऐकलं की ती पंधरा दिवस मोजतात."

मग उमाजी म्हणाला, "लई कामं घेतो गं मी. न्हाई म्हणायला जमत न्हाई."

"मग जमंल तेवढीच घ्या. चार दिवसांत द्या. मी तुमची टिकली काढत न्हाई, पर परत असला फोन आला तर काढीन."

उमाजीनं तोंडावर कबूल काही केलं नाही. पण त्या उन्हाळ्यात पुरुषोत्तम नावाच्या बागाईतदाराची मोटर त्यानं पाचव्या दिवशी परत केली, आणि तो माणूस मुद्दाम बूथवर येऊन सांगून गेला. मग आणखी एकाची. मे महिन्यापर्यंत उमाजीचे फोन वासूच्या बरोबरीला आले. वासूला त्याचं वाईट वाटलं नाही. वीस झाल्यावर त्याला तसंही कुणाला तरी नाही म्हणावंच लागत होतं.

केशरचा रोजचा दिवस मजेत जाऊ लागला. एके सकाळी एक म्हातारा जळक्या मोटरची कैफियत घेऊन आला. तिनं दोन्ही नावं सांगितली, दोन्हीपुढच्या टिकल्या दाखवल्या.

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "तुला जास्ती कोन देतो?"

"उमाजी."

"आनि चांगला कोन?"

"आता दोघंबी. पर लोंढ्याच्या उमाजीकडं आज चार मोटरी पडल्यात, खानापूरच्या वासूचा हात मोकळा हाय."

"मग खानापूर लाव," म्हातारा म्हणाला, आणि रिसीव्हर उलटा कानाला लावून मोठ्यानं हॅलो हॅलो करू लागला. केशरनं उठून तो सुलटा करून दिला.