थोरलीच्या अंगाची माती

सासरच्या गावी भिंत पांढरी असण्याला फार मान होता. अकोल्याहून मूर्तिजापूरच्या अंगाला, काळ्या रानातलं गाव. पावसाळ्यात पाय रुतायचा, उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. अशा गावात पांढरं म्हणून दोनच गोष्टी दिसत, घरांच्या भिंती आणि पुढाऱ्यांच्या टोप्या. टोप्या धोबी धुवायचा. भिंतींसाठी बायका जमिनीखाली जायच्या.

नाल्याच्या काठाला उंच दरड होती. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली दगडाचा एक आडवा थर आणि त्या थराच्या पोटात पांढरी माती. ही माती पाण्यात कालवून चिंधीनं भिंतीला फासली की भिंत चुन्यासारखी उजळे. याला पोतारा म्हणत. घटस्थापनेच्या आधी आणि दिवाळीला घरोघर पोतारा झालाच पाहिजे असा दंडक. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी खुरप्यांनी कोरकोरून दरडीत एक खोलीच तयार केली होती. तोंडाशी वाकून शिरावं लागे, मध्ये उभं राहता येई, आणि अगदी आत एक खोबण होती, तिथं पोटावर सरपटतच जावं लागे. सगळ्यात पांढरी माती त्या खोबणीत होती. खोबणीत कोणाला पाठवायचं, तर जी बारीक असेल तिला. आमच्या घरात ती माझी नणंद.

खोलीच्या मधोमध मातीचा एक जाड खांब सोडलेला होता. त्याला बायका थोरली म्हणत. दरसाली पहिल्या दिवशी थोरलीला कुंकू लावायचं, मग खुरपी हातात घ्यायची. थोरलीला मात्र खुरपी लावायची नाही. दीक्षा घेतल्यापासून बौद्धवाड्यातल्या बाया कुंकू लावत नसत, पण खुरपीही लावत नसत. कारण विचारलं तर कोणी सांगे की देवीचा कोप होतो, कोणी सांगे की सासूनं सांगितलं. वर डोक्यावर दरड आहे आणि ती या खांबावर बसली आहे, एवढं साधं उत्तर कोणी दिलेलं मी ऐकलं नाही. पण रीत बरोबर होती, आणि बरोबर रीतीला चुकीचं कारण असलं तरी चालतं असं तेव्हा मला वाटे.

माझं माहेर अमरावतीचं. वडील लाकडाच्या वखारीत मोजणीला होते. मेळघाटातून आलेलं साग मोजता मोजता घरी येऊन आम्हा मुलींनाही मोजायला लावत. कुठलंही लाकूड दिसलं की त्याचा घेर किती आणि ते किती ओझं पेलेल हे मनात येतंच. लग्नानंतर पहिल्या साली मी थोरलीला मिठी मारून पाहिली होती. दोन्ही हात पुरले नाहीत. बायका हसल्या, म्हणाल्या, अमरावतीवालीनं सोयरीक काढली.

महाराष्ट्र झाल्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. शेजारच्या गावात अशीच मातीची खदान बसली, छत कोसळून एक बाई गेली. आमच्याकडे पंचायतीची सभा भरली. माझे मालक पंच होते, त्यामुळे सभेची हकिकत मला जेवताना मिळाली. एकानं खदान बुजवून टाका म्हटलं. त्यावर सरपंच म्हणाले की मग बायका चुना मागतील, तो कोण देणार. झालं, विषय मिटला. ज्या बायका खदानीत जात त्यांच्यापैकी एकीलाही बोलावलं नव्हतं. ठराव झाला: खदानीत चार लाकडी बल्ल्या टेकू म्हणून लावाव्यात आणि तोंडाशी पाटी लावावी.

पाटी लागली. तिच्यावर लिहिलं होतं, धोका आहे, आत जाऊ नये. म्हणजे बल्ल्या सांगत की आत या, छत सांभाळलंय. आणि पाटी सांगे की येऊ नका. पंचायतीनं दोन्ही बाजू राखल्या होत्या. आत जाणाऱ्या बायकांत पाटी वाचू शकणाऱ्या आम्ही फारच थोड्या. गावात वाचणारे होते ते पुरुष, आणि त्यांना आत जायचंच नव्हतं. तालुक्याचे एक साहेब पाहणीला आले. त्यांनी तोंडातून बॅटरी मारली, टोपीला माती लागली म्हणून मागे झाले, सरपंचांच्या घरी चहा घेतला आणि काम समाधानकारक असल्याचं सांगून गेले.

मी बल्ल्या पाहिल्या. बाभळीच्या, सालीसकट. पायाखाली दगड नाही, पाट नाही, ओल्या मातीत नुसत्या उभ्या. पावसाळा झाला आणि त्या आपल्या जागी चांगल्या खचल्या. वरच्या टोकात आणि छतात माझी चार बोटं आरामात फिरली. असा टेकू छताला पेलत नसतो, त्याला सोबत करत असतो. मी मालकांना सांगितलं. त्यांनी कंटाळत सरपंचांच्या कानावर घातलं. निरोप आला, "सांगा वहिनीले, वखार अमरावतीले राहिली."

इथवर मूर्खपणा पुरुषांचा होता. पुढचा आमचा.

त्या साली घटस्थापनेच्या आधी बायका खदानीत गेल्या, बल्ल्या पाहिल्या, आणि सरपंचांच्या घरच्या बाईनं कुंकू न लावताच थोरलीला खुरपी घातली. "सरकारनं बल्ल्या देल्ल्या नं वं," ती म्हणाली, "आता हिले कायले सांभाळाचं?" थोरलीची माती कोणी कधी काढली नव्हती, म्हणून ती दह्यासारखी पांढरी होती. मग काय. वाड्या वेगळ्या, विहिरी वेगळ्या, पण या बाबतीत गावात अजिबात भेदाभेद राहिला नाही. सगळ्यांनी मिळून पोखरलं. देवीच्या कोपाला भिऊन जी माती पिढ्यान्‌पिढ्या वाचली, ती चार बाभळींच्या भरवशावर एका हंगामात निम्मी संपली. मी पुन्हा मिठी मारली, तेव्हा माझी बोटं एकमेकांत गुंफली गेली.

दुसऱ्या साली पोळा आला. बैलांना ज्याच्याखालून न्यायचं ते तोरण बांधायला दोन उंच लाकडं हवी होती. कोणीतरी खदानीतल्या दोन बल्ल्या काढून आणल्या. सरपंचांनी त्याच तोरणाखाली नारळ फोडला. पोळा फुटला, बैल घरी गेले, बल्ल्या कोणाच्या गोठ्यात गेल्या ते विचारणं असभ्यपणाचं ठरलं असतं.

त्याच सुमारास नणंदेला पाहायला अमरावतीची मंडळी येणार असं ठरलं. मुलगा सरकारी नोकरीत. सासूबाईंनी त्या दिवसापासून भिंतींकडे पाहायला सुरुवात केली. पोरगी कशी बसेल, काय बोलेल, याची काळजी नव्हती. ओसरीची भिंत मागच्या सालची होती आणि डागाळली होती, ही काळजी. थोरलीची माती आणा, तीच उठून दिसते, असं त्यांनी बजावलं. आणि आतल्या खोबणीतलीही आणा. म्हणजे जिला पाहायला येणार, तिनंच भिंतीसाठी बिळात शिरायचं.

घटस्थापनेच्या आधी एका सकाळी आम्ही दोघी टोपली घेऊन गेलो. त्या साली अजून कोणी आत गेलं नव्हतं. मी तोंडातून वाकून पाहिलं. उरलेल्या दोन बल्ल्यांपैकी एक कलली होती. थोरली कमरेशी इतकी बारीक झाली होती की जात्याच्या खुंट्यासारखी दिसत होती. छताच्या दगडाला तोंडापासून आतपर्यंत एक चीर गेली होती, आणि त्या चिरेतून बारीक मुरूम झरत होता, चाळणीतून पीठ पडावं तसा. पाऊस नाही, वारा नाही, तरी झरतच होता.

मी नणंदेला म्हटलं की परत चल. ती म्हणाली, आई मारील. मी म्हटलं, मला मारतील. ती खुरपी घेऊन वाकलीच, तेव्हा मी तिला मागे ओढलं आणि स्वतः खदानीच्या तोंडात बसले, पाय बाहेर सोडून, दारात तांदूळ निवडायला बसावं तशी. तोंड एका माणसापुरतं. मी बसले की वाट बंद.

मागून बायका आल्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं मला चक्कर आली. मग कळल्यावर त्यांनी मला जे काही म्हटलं त्यातलं लिहिण्यासारखं थोडंच आहे. सरपंचीण म्हणाली की गावाची माती काय वखारवाल्याच्या लेकीच्या बापाची आहे का. एक म्हातारी समजुतीच्या सुरात म्हणाली, "ऊठ वं माय. पिवया भिंती घेऊन दिवाई कराची काय आमी?" मी झरणारा मुरूम दाखवला. तिनं पाहिला आणि म्हणाली की तो तर दरसालीच झरते. नव्हता झरत. पण जे दरसाली होतं म्हटलं त्याला आपल्याकडे कोणी भीत नाही.

नणंद रडकुंडीला आली होती. "वहिनी, उठा. लोकं हासून राहिले."

"हासू दे. छत पडलं तं पावणे कोनाले पाहतीन?"

यावर बायका आणखी हसल्या. मी उठले नाही. ऊन डोक्यावर आलं तशा त्या कंटाळल्या, आणि बाहेर पडलेल्या ढिगाऱ्यातली पिवळट माती टोपल्यांत भरून, मला शिव्या देत घरी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कापसाची वेचणी लागली आणि दसरा उलटेपर्यंत कोणाला खदानीची आठवण काढायला फुरसत राहिली नाही.

त्या दिवशी छत पडलं नाही. त्यामुळे मी खोटी ठरले. ओसरीची भिंत पिवळट पोतारली गेली. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. पाहुणे आले, उकडत होतं म्हणून अंगणात लिंबाच्या सावलीत बसले, पोहे खाल्ले, मुलीला चालायला लावलं, आणि ओसरीची पायरीसुद्धा न चढता गेले. पुढं निरोप आला की मुलाला मॅट्रिक झालेली मुलगी हवी. आमच्या घरात मात्र ठरलं की भिंतीनं घात केला, म्हणजे मी. नणंदेनंही माझ्याशी बोलणं सोडलं. ते मला लागलं, पण मी तसं दाखवलं नाही.

दसऱ्यानंतर एका दुपारी खदान बसली. सगळा गाव वेचणीला रानात होता. धान्याचं पोतं गाडीतून पडावं तसा एकच आवाज आला म्हणतात. नाल्यावर गुरं होती ती उधळली, बाकी कोणाला काही झालं नाही.

मग श्रेय वाटायला सुरुवात झाली. सरपंचांनी तालुक्याला कळवलं की पंचायतीनं वेळीच लावलेल्या टेकूंमुळे व पाटीमुळे प्राणहानी टळली. टेकूंपैकी दोन गोठ्यांत होते. पाटी ढिगाऱ्याखाली होती. आणखी चार बल्ल्या मंजूर कराव्यात अशीही विनंती त्यांनी केली. मालकांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं की छतच नाही तर टेकू कशाला देणार. ते म्हणाले, ठराव आधीचाच लिहून तयार होता. सासूबाईंच्या मते देवीनं सांभाळलं.

बायका यातून एकच गोष्ट शिकल्या. दरड कोसळली तशी आतली सगळी पांढरी माती उघड्यावर आली. खोबणी नाही, सरपटणं नाही, फावड्यानं ओढा. गाडीनं माती नेली लोकांनी. त्या दिवाळीला आमचं गाव जेवढं पांढरं दिसलं तेवढं ना आधी दिसलं ना नंतर.

सासूबाईंनी नणंदेला टोपलं देऊन पाठवलं आणि माझ्याशी अबोला असूनही मला सोबत जायला सांगितलं. तिथं बायकांची झुंबड होती. नणंद मातीकडे गेली नाही. छताचा दगड तुटून पडला होता, बैलगाडीएवढा, एका बाजूनं जमिनीत रुतलेला. ती त्याच्याभोवती फिरली, नाल्याकडे पाहिलं, जुन्या तोंडाची जागा हातानं ताडली आणि एका ठिकाणी थांबली.

"वहिनी, खोबण इथंच होती नं?"

मी म्हटलं, इथंच.

तिनं दगडाच्या कडेखाली हात घालायचा प्रयत्न केला. बोटाचं नखही गेलं नाही. मग रिकामं टोपलं डोक्यावर पालथं घालून घराकडे चालू लागली.

दारातच सासूबाईंनी विचारलं की माती कुठे. नणंद म्हणाली, "मी नाही आणत." त्यांनी आवाज चढवला, शेजारच्या भिंती दाखवल्या, पुढची मंडळी येतील तर काय म्हणतील असं विचारलं. ती टोपलं गोठ्यात टाकून आली, हात धुतले आणि माझ्या शेजारी तांदूळ निवडायला बसली.

गावभर पांढऱ्या भिंतींत आमच्या ओसरीची एकच भिंत दिवाळीला पिवळी राहिली. येणारेजाणारे थांबून पाहायचे आणि आम्हा दोघींची कीव करायचे.