कलातियाचा नुमेरियस माघारी फिरला

सेनापतीला रोममध्ये भर सभेत भोसकून मारल्याची बातमी दक्षिणेकडच्या कलातिया गावात आली, तेव्हा नुमेरियस द्राक्षाच्या वेली बांधत होता. ती जमीन सेनापतीनेच दिलेली. उमेदीची वर्षं त्याच्या फौजेत काढल्याबद्दल. नुमेरियसने काम तिथेच टाकलं. मारणारे सेनापतीनेच कधीकाळी माफ केलेले लोक होते, हे कळल्यावर तर त्याला दोन दिवस घास गिळवेना.

हिवाळ्याच्या तोंडावर त्याचा फौजेतला सोबती रुफ्रियस दारात आला. सेनापतीने मृत्युपत्रात भाचीच्या मुलाला दत्तक घेतलं होतं. विशीही न गाठलेला तो मुलगा आता बापाच्या जुन्या शिपायांना हाक देत होता.

"पोराची आई म्हणत होती, सेनापतीचं नाव लावू नकोस, जिवावर बेतेल. तरी लावलं त्याने," रुफ्रियस म्हणाला. "चल, ऊठ."

नुमेरियसची बायको कास्त्रीकिया ऑलिव्ह निवडत होती. "लढाई पाहिलीय का त्याने कधी?"

"नसेल. पण मारेकरी मोकळे हिंडतायत, वहिनी."

"आणि यांचा खांदा? ढग आले की हात वर होत नाही."

"ज्याचं अन्न खातो, त्याच्या पोराला नाही कसं म्हणू?" नुमेरियस म्हणाला. कास्त्रीकियाने ऑलिव्ह बाजूला सारून शिदोरी बांधली.

रोमच्या चौकात गावोगावचे जुने शिपाई जमले. मुलाच्या वतीने एकजण बोलायला उभा राहिला. आता मारेकऱ्यांची नावं येणार म्हणून सगळे कान टवकारून होते. नाव आलं ते सेनापतीच्या उजव्या हाताचं, त्याच्याच जुन्या सरदाराचं. वारशाच्या आड तो येतो म्हणे.

"याच्याच हाताखाली आपण बर्फात झाडाची मुळं उकडून खाल्ली," नुमेरियस पुटपुटला.

"आधी याला बाजूला सारायचं, मग मारेकऱ्यांकडे वळायचं. राजकारण असतं ते," रुफ्रियस म्हणाला.

"त्याच्या बाजूने उभं कोण राहणार, रुफ्रियस? आपलीच माणसं ना?"

रुफ्रियस तरी नोंदणीच्या रांगेत जाऊन थांबला. बरेच जण 'घरून हत्यारं घेऊन येतो' म्हणत सटकले. नुमेरियस मात्र सरळ नोंदणीच्या अधिकाऱ्यापुढे गेला.

"मी घरी जातोय. परत येणार नाही."

"भ्यालास?"

"सूड घ्यायला आलो होतो, भाऊबंदकीला नाही. पोराला सांगा, त्याच्या बापासाठी मी रडलोय. ते खोटं नव्हतं."

वसंतात उत्तरेकडच्या दलदलीत पोराची आणि त्या सरदाराची फौज भिडली. एकमेकांना नावाने ओळखणारी माणसं, ओरडाआरडा न करता, एकमेकांना कापत होती म्हणतात. रुफ्रियस तिथेच पडला.

नुमेरियस रुफ्रियसच्या बायकोला भेटायला गेला.

"तू असतास तर त्याला मागे ओढलं असतंस," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

पेरणीच्या दिवसांत नुमेरियसने आपलं रान तसंच ठेवलं आणि नांगर आधी तिच्या शेतात घातला. तिने त्याला हाकललं नाही. दुपारी बांधावर पाण्याचं भांडं ठेवून ती घरात गेली.