वायरीचं कपाळ

सासूबाईंच्या मते आमच्या घरात धोक्याच्या गोष्टी भरपूर आहेत. आदल्या दिवशीचा भात, पंख्याखाली बसून खाल्लेलं दही आणि मी चालवते ती स्कूटी. त्यामुळे लॅपटॉपच्या कंपनीचा मेल आला, की तुमच्या मॉडेलसोबत दिलेली वायर गरम होऊन पेट घेऊ शकते, ती वापरणं ताबडतोब थांबवा, आम्ही फुकट बदलून देऊ, तेव्हा मला वाटलं, आता त्या वायर चिमट्यात धरून गॅलरीतून खाली फेकतील. त्यांनी नुसता चष्मा वर सरकवला.

"दसऱ्याले पूजा केली हाये मी तिची. तिले काही होत नाही."

लॅपटॉप नावाला घरचा, पण राज्य सासूबाईंचं. दुपारचं जेवण झालं की इथे छत्तीसगढात दिवाणावर मांडी घालून त्या हैदराबादच्या नातीला, म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलीला, मराठी शिकवायला बसतात. मोबाइलवर त्यांना नातीचं तोंड नीट दिसत नाही, म्हणून लॅपटॉपच हवा. पोरगी तिसरीत आहे. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर ती हिंदीत देते. त्यावर सासूबाईंनी एकच नियम केला आहे. शिकवणीच्या वेळात हिंदी शब्द त्यांना ऐकूच येत नाही. पोरीने 'नानी' म्हणून घसा कोरडा केला तरी या ढिम्म. 'आजी' म्हटलं की कान उघडतात.

मी एकदा म्हटलं, "आई, लहान आहे ती, इतकं काय ताणता?" मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या, "माह्या पोराले मी मराठीत इचारतो, तो हिंदीत जवाब देते. तुह्ये सासरे गेल्यापासून मराठीत जवाब देणारी घरात तू एकटी, आन् तू भांडतेस. हे पोट्टीबी तशीच राहिली, तर मी मेल्यावर लोक माही आठवणबी हिंदीतच काढतीन."

 मीही मटार सोलायला घेतले. खरं सांगते, मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

पण वायरीचं प्रकरण तसंच होतं. बदली वायर हवी तर जुन्या वायरीच्या चिकटपट्टीवरचा नंबर कळवायचा होता. मी वायर हातात घेतली, तर चिकटपट्टीवर हळदीकुंकवाचा जाड थर. दसऱ्याला आमच्याकडे सासऱ्यांचे रेल्वेतले पाने-पक्कड अजून पूजेला निघतात, आणि हल्ली त्यांच्या रांगेत लॅपटॉपही बसतो. पण एवढ्या लांब वायरीत नेमकं त्याच जागी कुंकू का?

"जिथं लिहेल असते, तेच कपाळ," सासूबाई म्हणाल्या. "मंग कुंकू का शेपटाले लावू?"

मी कापसावर स्पिरिट घेऊन ते कपाळ पुसलं. कुंकू निघालं, आणि त्यासोबत नंबरही. विधिलिखित पुसता येत नाही म्हणतात, ते कंपनीच्या शाईला लागू नसावं.

मग फोन. पलीकडची मुलगी अतिशय गोड होती.

"मैम, नंबर के बिना हम कन्फर्म नहीं कर सकते कि आपकी वायर खतरनाक है."

"मतलब इस्तेमाल कर लें?"

"नहीं मैम, खतरनाक हो सकती है."

"तो बदल दीजिए."

"मैम, उसके लिए नंबर लगेगा."

मी म्हटलं, बाजारातून नवी आणू. नवरा इथल्या मंत्रालयात नोकरीला आहे, त्यामुळे अर्जावर त्याची गाढ श्रद्धा आहे. "जब फ्री में मिल रही है तो खरीदना काहे को? मैं ऊपर लिखता हूँ ना." त्याने वर लिहिलं. वरून उत्तर आलं की आपली सुरक्षितता आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे, कृपया नंबर कळवावा. फुकटच्या वस्तूची वाट पाहण्यात आमचं घर कोणाला हार जाणार नाही.

तोवर मी वायर कपाटात स्वेटरांच्या खाली दडवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर वायर दिवाणावर, आणि सासूबाई निर्विकार.

"आई, गरम होते ना ती!"

"जराशी होते. मानसाले ताप येत नाही का?"

मी पुन्हा दडवली, त्यांनी पुन्हा शोधली. मांजराने पिल्लं हलवावीत तशी ती वायर घरभर फिरत होती, आणि दुपारी बरोबर लॅपटॉपला येऊन मिळत होती.

मग तो शनिवार आला. मला सुट्टी होती आणि मी स्वयंपाकघरात कढीला फोडणी देत होते. बाहेर शिकवणी रंगात होती. एकदम पोरीचा आवाज चढला.

"नानी! नानी, पीछे देखो!"

सासूबाई गप्प. नियम म्हणजे नियम.

"नानी, धुआँ! धुआँ निकल रहा है!"

"मराठीत सांग," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मला वाटलं, धडाच चालला असेल. फोडणीत मला दुसरा वास कळलाच नाही. पोरगी रडकुंडीला आली होती. "वो... नानी... आजी! आजी!" आणि मग ती जिवाच्या आकांताने किंचाळली, "आजी, वायर जळून राहिली! उठ ना!"

मी पळी टाकून धावले. सासूबाईंच्या पाठीमागच्या लोडातून धूर येत होता आणि वायर त्याच्याखाली दडपलेली होती. मी भिंतीवरचं बटण बंद केलं, सासूबाईंना दंडाला धरून ओढलं आणि लोडावर पाण्याचा तांब्या ओतला. लोडाला बशीएवढं भोक पडलं होतं. सासूबाईंच्या पदराचं टोक तपकिरी झालं होतं. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

 लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता आणि पडद्यावर नात हुंदके देत होती. सासूबाई तिच्यापुढे बसल्या. 

"नानी... आजी, आप ठीक हो?"

"हो बाई. ठीक हूँ," त्या म्हणाल्या. शिकवणीच्या वेळात, हिंदीत.

नवऱ्याने संध्याकाळी मुकाट्याने नवी वायर विकत आणली. कंपनीला जळक्या वायरीचा फोटो पाठवला, तर त्यांनी नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो मागितला.

दुसऱ्या दिवशी शिकवणीआधी सासूबाईंनी नव्या वायरीला कुंकू लावलं, या खेपेला शेपटाला. मग पडद्याकडे वळून नवा नियम सांगितला.

"जिवावर बेतलं तर कोन्त्याबी भाषेत सांगजो पोरी. मी आयकीन. समजलं?"

"हव, आजी," नात म्हणाली.

हा इथला छत्तीसगढी 'हव', म्हणजे 'हो', तिने हैदराबादेत कुठून उचलला असेल? सासूबाईंनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. "पाह्य, कशी फाडफाड मराठी बोलते."

या वेळी मी भांडले नाही.