हस्तलिखितात शिरलेली मांजर

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अंधेरीतल्या एका मराठी शाळेच्या वार्षिक हस्तलिखितात एक मांजर शिरली होती, आणि ती कोणी सोडली याचा तपास मी जातीने केला होता.

हस्तलिखित म्हणजे अंकाची एकुलती एक प्रत. मुलांनी लेख द्यायचे, मी ते निवडायचे, चित्रकलेच्या सरांनी पानांभोवती वेलबुट्टी काढायची आणि वेसाव्याच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने सगळं सुवाच्य अक्षरात उतरवायचं. संमेलनाच्या आदल्या दुपारी मी बांधून आलेला अंक चाळत होतो. 'साबण कसा तयार होतो' या लेखात कॉस्टिक सोड्यानंतर वाक्य होतं, 'ती आईच्या माशांच्या पाटीमागून बाजारापर्यंत जायची.'

साबण? बाजारापर्यंत?

चार पानं पुढे कान्हेरीच्या सहलीत मुलं डबे उघडतात न उघडतात तोच, 'मांजर होडीत चढली ते कोणालाच दिसले नाही.' मग मी पहिलं पान उघडलं. मुख्याध्यापकांचं मनोगत. उद्या पाहुण्यांसमोर ते यातूनच वाचणार होते. 'विद्यार्थी हे राष्ट्राचे आधारस्तंभ आहेत. आमची मांजर मात्र सुक्या बोंबलाला तोंड लावीना.'

हा कट होता. मला कट फार आवडतात. फक्त ते माझ्याविरुद्ध नसावेत.

पहिला संशय चित्रकलेच्या सरांवर. "तुझाच कारभार ना रे हा?"

"माझ्या चित्रातली मांजर कधी मांजरीसारखी दिसलीय का?" ते म्हणाले. "मग लिखाणात कुठून आणू?"

मुद्दा बिनतोड होता. मग संपादक झालेला दहावीतला मुलगा. तो इतका निरागस चेहरा करून उभा राहिला की संशय दुप्पट झाला. मुलांनी पैज लावून एकेक वाक्य घुसवलं असणार, अशी माझी खात्री. कपाटातून मूळ लेखांचा गठ्ठा काढून ताडून पाहिला. एकाही लेखात मांजर नव्हती. मनोगतात तर नव्हतीच.

उरली ती उतरवणारी. सगळीकडे अक्षर तिचंच, म्हणूनच तिच्यावर संशय गेला नव्हता. पत्रातल्या मजकुराबद्दल टपालवाल्याला कोण धरतं?

आणि मग गठ्ठ्याच्या तळाशी माझ्याच लाल शाईतला शेरा दिसला. 'घरगुती विषय. नको.' खाली तिचा निबंध, 'आमची मांजर', फक्त पहिलं पान. बाकीची पानं तिला परत देताना मी काय म्हणालो होतो तेही आठवलं: "अगं, तू आपलं अक्षर सांभाळ."

तर नाकारलेला निबंध तिने एकेका पानावर एकेक वाक्य असा छापील शिस्तीत बसवला होता.

मी कात्री, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि गोंदाची बाटली घेऊन नववीच्या वर्गात गेलो. तिला टेबलापाशी बोलावलं. तिच्यादेखत एकेक वाक्य झाकायचं, अशी शिक्षा मी ठरवली होती. पण कुठे झाकायचं ते कळायला वाक्यं शोधावी लागत होती, आणि शोधता शोधता मी ती ओळीने वाचत गेलो. ती माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत होती. आई मासे घेऊन होडीने खाडीपलीकडे मढला गेली. मांजर चोरून सोबत गेली. शेवटून दुसऱ्या पानावर, शाळेच्या क्रीडावृत्तात, लंगडीच्या निकालाखाली होतं, 'भरती लागली, होडी परत फिरली आणि मांजर पलीकडच्या काठावरच राहिली.'

पान उलटलं. पुढे मांजरीचं काही नव्हतं.

गोंदाची बाटली मी केव्हा बंद केली, आठवत नाही. "मग?" मी विचारलं. "परत आली की नाही?"

तिने मान वर केली आणि अख्ख्या वर्गासमोर फाडकन म्हणाली, "आली ना सर, पण शेवटच्या पानावर तुमचंच आभारप्रदर्शन संपेना, तिला कुठे बसवू?"