अननस सर

लातूरला आमच्या शेजारी एकटेच राहणाऱ्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या गृहस्थांना गल्ली ‘अननस सर’ म्हणते. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरी जंगलात त्यांना अननसाच्या कुळातलं एक अनोळखी रोप सापडलं होतं. ती नवीन जात ठरावी म्हणून चार वर्षं ते त्याची वाळलेली पानं-फुलं मोजत होते. शंका आली की पट्टी घेऊन माझ्याकडे यायचे. "तुम्ही मोजा हो, माझे डोळे मला पाहिजे तेच वाचून राहिले."

गेल्या आठवड्यात कळलं, ते रोप दुसऱ्या कुणीतरी नवीन जात म्हणून नाव देऊन आधीच जाहीर केलंय.

"चला, लेकराला नाव तर भेटलं," सर हसून म्हणाले. मग हळूच पट्टी पुढे केली. "त्यांची पाकळी अठरा मिलिमीटर हाय. आपली वेगळी निघाली तर..."

मी तीनदा मोजली. अठराच भरली. तसं सांगितलं.